+७ चे दुसरे शिखर: घडी द्रावणात उलगडली की यंत्रात?

पार्श्वभूमी

प्रकरण एका लहान प्रथिनाचे आणि वायूत मोजलेल्या त्याच्या +७ आयनाचे, म्हणजे निव्वळ सात धन भार असलेल्या रेणूचे, आहे. प्रथिनाचे नाव, गट आणि यंत्राचा ठावठिकाणा मुद्दाम दिलेला नाही. साखळी ८१ अमिनो आम्लांची, वस्तुमान ९,१०४ डाल्टन, द्रावणात एकच घट्ट घडी. गटाने त्यात एकच बदल केला होता. पृष्ठभागाजवळच्या एका लायसिनच्या जागी अ‍ॅलानिन बसवले होते. हे लायसिन शेजारच्या हेलिक्समधल्या (मळसूत्री वळणातल्या) अ‍ॅस्पार्टेटशी मीठसेतूने, म्हणजे धन आणि ऋण भारांच्या थेट आकर्षणाने, जोडलेले असावे असे स्फटिक-रचनेवरून दिसत होते. तो सेतू काढला तर घडी किती सैल होते, हा मूळ प्रश्न.

द्रावणातले उत्तर आधीच हाती होते आणि ते साधे होते. वर्तुळाकार द्विवर्णतेच्या, म्हणजे ध्रुवित प्रकाशाच्या शोषणावरून घडी ओळखण्याच्या, मापनात २५ अंश सेल्सिअसला दोन्ही रूपे सारखीच घडीदार दिसत होती. बदललेल्या रूपाचा वितळणबिंदू, म्हणजे अर्धे रेणू उलगडतात ते तापमान, मूळ रूपापेक्षा जेमतेम तीन अंशांनी खाली होता. गटाला मात्र यापेक्षा बारीक चित्र हवे होते. थोडे रेणू अर्धवट उलगडलेले असतील तर सरासरी मोजणाऱ्या पद्धतीत ते लपून जातात. आयन मोबिलिटीत, म्हणजे वायूतून आयन किती वेगाने सरकतो हे मोजण्यात, प्रत्येक आकाराचा आयन वेगळ्या वेळी डिटेक्टरवर येतो, त्यामुळे अल्पसंख्य आकारही वेगळा दिसू शकतो. ही अपेक्षा चुकीची नव्हती. फक्त डिटेक्टरवर पोचणारा आयन आणि द्रावणातला रेणू यांच्यामध्ये बराच प्रवास असतो, आणि या प्रकरणातली सगळी गुंतागुंत त्या प्रवासातच घडली.

यंत्र ट्रॅव्हलिंग वेव्ह पद्धतीचे, म्हणजे विद्युत लहरींनी आयन वायूतून पुढे ढकलणारे. आधी हवा तो आयन निवडणारा क्वाड्रुपोल, मग आयन साठवणारा ट्रॅप, मग हेलियमची छोटी कोठडी, मग नायट्रोजन भरलेली मोबिलिटी कोठडी आणि शेवटी वस्तुमान मोजणारा टाइम-ऑफ-फ्लाइट. नमुना १० मायक्रोमोलर, २०० मिलिमोलर अमोनियम अ‍ॅसिटेटमध्ये, पीएच ६.८. फवारणी सोन्याचा मुलामा दिलेल्या काचेच्या बारीक सुईतून, नॅनो-इलेक्ट्रोस्प्रेने, म्हणजे विद्युतदाबाखाली बारीक भारित थेंब उडवून.

अडचण

मूळ रूपाच्या +७ आयनाचे प्रवासवेळेचे आलेखन एका अरुंद शिखराचे होते. बदललेल्या रूपाच्या +७ मध्ये दोन शिखरे दिसली. पहिले मूळ रूपाच्याच जागी, दुसरे उशिरा येणारे, आणि दोन्हींची उंची जवळजवळ सारखी. टक्कर-क्षेत्रफळात, म्हणजे वायूच्या रेणूंना आयन किती मोठा भासतो त्यात (प्रयोगशाळेच्या बोलीत सीसीएसमध्ये), दुसरे शिखर सुमारे २५ टक्क्यांनी मोठे होते. म्हणजे साखळीचा बराच भाग मोकळा झालेला.

गटाने लेखाचा पहिला मसुदा यावरच उभा केला. मीठसेतू काढल्यावर प्रथिनाचे अर्धे रेणू द्रावणातच अर्धवट उलगडतात, असा त्याचा आशय होता. अंतर्गत वाचनात एका सहकाऱ्याने दोन आकडे शेजारी ठेवले: द्रावणात वितळणबिंदूत तीन अंशांचा फरक आणि वायूत अर्धे रेणू उलगडलेले. दोन्ही खरे असतील तर २५ अंशांच्या द्विवर्णतेतही अर्धवट उलगडलेल्या अर्ध्या रेणूंची खूण दिसायला हवी होती. ती नव्हती. तिथे काम थांबवून नोंदवही पुन्हा उघडण्यात आली.

नोंदवहीत तीन गोष्टी निघाल्या. मूळ रूप आणि बदललेले रूप वेगवेगळ्या दिवशी मोजले होते. बदललेल्या रूपाच्या नमुन्यात सोडियम जास्त होते. +६ आणि +७ शिखरांच्या उजवीकडे २२ डाल्टनच्या पायऱ्यांची शेपटी होती (हायड्रोजनच्या जागी सोडियम आले की एक पायरी), आणि ती झडावी म्हणून त्या दिवशी कोन व्होल्टेज, म्हणजे यंत्राच्या तोंडाशी आयनांना आत ढकलणारे व्होल्टेज, ३० वरून ६० केले होते. तिसरी गोष्ट अशी की तुलनेसाठी +७ निवडण्याचे कारण नोंदवहीत "फरक स्पष्ट दिसतो" एवढेच होते, जरी सर्वात प्रबळ भारस्थिती (आयनावरचा निव्वळ भार) +६ होती.

या तिसऱ्या मुद्द्यावर थोडे थांबायला हवे, कारण चूक बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. लॉर्ड रेली यांनी १८८२ मध्ये भारित थेंबाच्या स्थैर्याची मर्यादा मांडली. गोलाकार प्रथिन थेंबातले पाणी उडून गेल्यावर उरलेला भार घेऊन बाहेर पडते, हे मान्य केले तर त्या मर्यादेवरून कमाल भार काढता येतो. ढोबळ सूत्र असे: डाल्टनमधल्या वस्तुमानाचे वर्गमूळ गुणिले ०.०७७८. ९,१०४ साठी उत्तर ७.४ येते. म्हणजे या प्रथिनाला +५ आणि +६ आरामात पेलतात, +७ अगदी काठावर आहे. काठावरच्या आयनात धन भारांची आपसातली ढकलाढकल सर्वात जास्त असते, थोडी ऊर्जा मिळाली की साखळी उघडते. फरक शोधायला +७ सर्वात संवेदनशील आहे हे खरे, पण तो द्रावणाला जितका संवेदनशील, त्याहून कितीतरी जास्त यंत्राला आहे.

शक्य कारणे

गटाने दुसऱ्या शिखराची पाच संभाव्य कारणे कागदावर मांडली आणि प्रत्येकासमोर ते कशाने खोडता येईल हे लिहिले. हा कागद पुढे सर्वात उपयोगी पडला.

पहिले कारण, द्रावणातच उलगडलेला हिस्सा. तो असता तर उलगडलेली साखळी जास्त प्रोटॉन घेते, म्हणून +८, +९ आणि त्यापुढच्या भारस्थिती वर्णपटात दिसायला हव्या होत्या. त्या दिसत नव्हत्या. एवढ्यावरच हे कारण पूर्ण बाद होत नाही, पण बरेच कमकुवत होते.

दुसरे, फवारणीतल्या थेंबात आम्लता वाढणे. अमोनियम अ‍ॅसिटेटला अनेकजण "पीएच ७ चा बफर" म्हणतात. तसे ते नाही. अ‍ॅसिटिक आम्लाचा पीकेए (ज्या पीएचला बफर करण्याची ताकद सर्वात जास्त) ४.७५ आणि अमोनियमचा ९.२५. मधल्या पट्ट्यात, म्हणजे नेमके ७ च्या आसपास, बफर करण्याची ताकद फारच कमी. धन फवारणीत थेंब आम्लधर्मी होत जातो आणि ४.७५ च्या आसपास अ‍ॅसिटेट त्याला थोपवते. म्हणून विचारायचा प्रश्न असा की पीएच ५ च्या खाली प्रथिन टिकते का.

तिसरे, द्विप्रथिन. दोन रेणूंचा +१४ आयन एका रेणूच्या +७ च्याच वस्तुमान-भार गुणोत्तरावर (एम/झेड) बसतो. पण दोन रेणूंचे सीसीएस दुप्पट होत नाही, साधारण १.६ पट होते, आणि भार मात्र दुप्पट असतो. म्हणून असे शिखर लवकर यायला हवे, उशिरा नाही. शिवाय समस्थानिकांच्या शिखरांमधले अंतर ०.१४३ ऐवजी ०.०७१ दिसले असते. हे कारण पाच मिनिटांत बाद झाले. (+५ वर बसणारा द्विप्रथिनाचा +१० आयन मात्र शक्य होता. तो आहे का हे पाहायला मूळ रूपात एम/झेड १,६५६ जवळचा विषम +११, म्हणजे एका रेणूच्या कुठल्याच आयनावर न बसणारा, शोधायचा. तो सापडला नाही.)

चौथे, सोर्समध्ये (फवारणीतले आयन यंत्रात शिरतात तिथे) किंवा ट्रॅपमध्ये आयन तापून उलगडणे.

पाचवे, मोबिलिटी कोठडीच्या तोंडाशी तापणे. ट्रॅपमधून बाहेर पडताना आयनाला डीसी व्होल्टेजचा धक्का मिळतो. तो धक्का गुणिले भार एवढ्या ऊर्जेने आयन दाट वायूत शिरतो. या व्होल्टेजला ट्रॅप बायस म्हणतात आणि ते अनेकदा कारखान्यातून आलेल्या मूल्यावरच राहते. इथे ते ४५ होते. +७ आयनासाठी म्हणजे ३१५ इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत. मधली हेलियमची कोठडी हा धक्का मऊ करण्यासाठीच असते, पण पूर्णपणे शोषून घेऊ शकत नाही.

समोरचे पर्याय

पर्याय अनेक होते. गॅस-अवस्थेतल्या आयनाची रचना पाहण्याचे प्रत्येक साधन वेगळ्या गोष्टीला उत्तर देते, त्यामुळे निवड करताना प्रश्न नेमका कोणता हे ठरवणे भाग होते.

अवरक्त वर्णपट घेण्याचा विचार झाला. आयनावर लेसर टाकून तो कोणत्या तरंगसंख्येला फुटतो ते मोजायचे. साखळीच्या कण्यातल्या अमाइड-बंधांचा अमाइड-१ पट्टा १,६०० ते १,७०० प्रति सेंटिमीटरच्या दरम्यान, अमाइड-२ त्याखाली, आणि मोकळ्या कार्बोक्सिलिक आम्लाचा ताण १,७४० च्या वर. लहान पेप्टाइडमध्ये, विशेषतः अतिथंड आयनांवर, ही पद्धत एकेक हायड्रोजन-बंध दाखवते. ८१ अमिनो आम्लांच्या साखळीत मात्र ऐंशी अमाइड एकमेकांवर चढतात आणि एक रुंद टेकडी उरते. त्यातून "हेलिक्स जास्त की पट्टी जास्त" इतपत कळेल, पण हेच आयन द्रावणातून आले की यंत्रात घडले हे कळणार नाही. पर्याय बाजूला ठेवला.

गॅस-अवस्थेतली हायड्रोजन-ड्युटेरियम (जड हायड्रोजन) अदलाबदल हा दुसरा. ड्युटेरियमयुक्त अमोनिया मोबिलिटी कोठडीनंतरच्या ट्रॅन्सफर भागात सोडून किती हायड्रोजन बदलतात ते पाहायचे. अडचण अशी की अदलाबदल उघडेपणावर जशी अवलंबून असते तशीच ती भार कुठे बसला आहे यावरही असते. लायसिन काढले की एक भारस्थान जाते, म्हणजे दोन्ही रूपांची तुलना मुळातच विषम होते. हाही पर्याय मागे पडला.

उरले तीन: त्याच यंत्रावर सारख्या आणि सौम्य परिस्थितीत पुन्हा मोजणे, मुद्दाम ऊर्जा वाढवत उलगडण्याचा नकाशा काढणे, आणि दुसरीकडच्या ड्रिफ्ट ट्यूबवर (लहरींऐवजी एकसारख्या विद्युतक्षेत्राच्या नळीवर) निरपेक्ष सीसीएस मोजणे. यंत्राचा वेळ दोन आठवडे होता. क्रम याच ओळीने ठरला, आणि तो बरोबर होता असे आमचे मत आहे. नमुना दुसरीकडे पाठवणे आकर्षक वाटते, पण आपले यंत्र गरम आहे की नाही हे माहीत नसताना दोन यंत्रांतल्या फरकाचा अर्थ लावता येत नाही.

केलेले काम

सुरुवात प्रश्नातल्या प्रथिनाने नाही, युबिक्विटिनने झाली. गायीचे युबिक्विटिन ७६ अमिनो आम्लांचे, ८,५६५ डाल्टनचे. +६ आयन १,४२८.५ वर आणि +७ आयन १,२२४.५ वर दिसतो. आकाराने ते प्रश्नातल्या प्रथिनाच्या जवळ. मुख्य म्हणजे त्याच्या गॅस-अवस्थेतल्या वागण्याचा खूप अभ्यास झालेला आहे. वायटेनबाख आणि बोवर्स यांनी २०११ मध्ये दाखवले होते की पुरेशी सौम्यता ठेवली तर त्याची मूळ घडी द्रावणातून वायूत टिकून राहते. घडीदार +७ आयनाचे सीसीएस हेलियममध्ये साधारण १,००० चौरस अँगस्ट्रॉम असते. म्हणून युबिक्विटिन तापमापकासारखे वापरता येते: सौम्य द्रावणातून आलेला त्याचा +७ जर उलगडलेला दिसला तर दोष यंत्राच्या जुळणीचा आहे.

कोन ६०, ट्रॅप बायस ४५, बाकी सगळे पूर्वीचेच ठेवून युबिक्विटिन चालवले. +७ दुभंगला. मोठे, उशिराचे शिखर घडीदार शिखरापेक्षाही उंच होते. म्हणजे कोणताही बदल नसलेले, द्रावणात भक्कम असलेले प्रथिनही त्या जुळणीत उलगडत होते. पहिल्या मसुद्याचा पाया इथेच गेला.

मग जुळणी एकेक बटण फिरवून सौम्य केली, एका वेळी एकच.

कोन ६० वरून २० वर आणले. युबिक्विटिनचे दुसरे शिखर कमी झाले, गेले नाही. ट्रॅप कोलिजन ऊर्जा (आयनाला ट्रॅपमधल्या वायूवर आपटवणारे व्होल्टेज) ४ वरून २ वर, फारसा फरक नाही. ट्रॅप बायस ५-५ व्होल्टने खाली: ४५, ४०, ३५, ३०. खरा फरक इथे पडला. ३५ ला उशिराचे शिखर लहान खांद्याएवढे राहिले. ३० च्या खाली आयन कोठडीत शिरेनात आणि एकूण संकेत दहाव्या भागावर आला. बायस ३५ वर ठेवून प्रत्येक मापनाचा वेळ २ मिनिटांऐवजी १० मिनिटे केला. संकेत वाढवण्यासाठी बायस वाढवण्याचा मोह इथे टाळावाच लागतो.

वायूप्रवाह सुरुवातीला बदलला नाही: हेलियम १८० आणि नायट्रोजन ९० मिलिलिटर प्रति मिनिट. नंतर एकदा नायट्रोजन ५० वर आणून पाहिला, कारण कमी दाब म्हणजे तोंडाशी कमी धक्के. आयन थोडे थंड राहिले, पण शिखरे एकमेकांत मिसळली. पुन्हा ९० वर आणला. प्रवाह बदलल्यावर अर्धा तास थांबावे लागते. दाब स्थिर होण्याआधी घेतलेली मापने सरकत राहतात आणि पुढे कितीही गणित केले तरी ती सुधारत नाहीत.

सोडियमचा प्रश्न व्होल्टेजने नव्हे, नळीत सोडवला. छोट्या स्पिन स्तंभातून एकदाऐवजी दोनदा द्रावण बदलले. दुसऱ्या वेळी स्तंभ आधी ताज्या अमोनियम अ‍ॅसिटेटने तीनदा धुतला. सोडियमची शेपटी एका पायरीपर्यंत आली आणि कोन २० वरही शिखरे स्वच्छ दिसू लागली. हे करायला अर्धा दिवस लागला. तो अर्धा दिवस वाचवण्यासाठी केलेल्या तीस व्होल्टच्या वाढीने आधीचे काही महिने चुकीच्या दिशेने गेले होते.

आता मूळ आणि बदललेले रूप एकाच दिवशी, आलटून पालटून मोजले. प्रत्येक रूपासाठी तीन सुया, सगळ्या एकाच ओढलेल्या जथ्यातल्या. सुई बदलली की तोंडाचा व्यास बदलतो, त्यासोबत थेंबाचा आकार, मीठ आणि भारस्थितींचे प्रमाण. तीन सुयांत जो फरक टिकत नाही त्याला रचनेचा फरक म्हणता येत नाही. ओळख पटवायला वस्तुमान पुरते: लायसिन जाऊन अ‍ॅलानिन आले की ५७.१ डाल्टन कमी होतात, म्हणजे +७ आयन १,३०१.६ ऐवजी १,२९३.४ वर.

सौम्य जुळणीत +६ दोन्ही रूपांत एकच अरुंद शिखर, जागाही सारखीच. +७ मूळ रूपात एकच शिखर. बदललेल्या रूपात मुख्य शिखर घडीदार, आणि उशिरा एक बुटका खांदा, तिन्ही सुयांत. म्हणजे फरक विरला नाही, लहान झाला. अनेकांना इथे थांबावेसे वाटले असते: "फरक कमी आहे पण आहे, मसुदा आकडे बदलून चालवू." गट थांबला नाही, कारण ३५ व्होल्टला युबिक्विटिनलाही खांदा होता. शून्य ऊर्जा कुठेच नव्हती.

द्रावणाची बाजू तपासायला दोन स्वस्त प्रयोग झाले. पीएच ५ आणि ४.५ ला द्विवर्णता मोजली. दोन्ही रूपे घडीदारच राहिली, म्हणून थेंबातल्या आम्लतेचे कारण बाद. दुसरा प्रयोग उलट दिशेचा: ४० टक्के मिथेनॉल आणि ०.१ टक्के फॉर्मिक आम्लात प्रथिन मुद्दाम उलगडून फवारले. भारस्थिती +११ पर्यंत गेल्या आणि +७ चे प्रमाण घसरले. द्रावणात उलगडलेले रेणू कसे दिसतात याचा हा नमुना हाती आला, आणि सौम्य द्रावणातल्या वर्णपटात त्याचा मागमूस नव्हता.

शेवटी ऊर्जेचा नकाशा. क्वाड्रुपोलमध्ये +७ निवडायचा आणि ट्रॅप कोलिजन ऊर्जा २ पासून ४० व्होल्टपर्यंत २-२ व्होल्टने वाढवत प्रत्येक पायरीला प्रवासवेळ नोंदवायचा. ट्रॅपमध्ये आर्गॉन. व्होल्टला भाराने गुणले की प्रयोगशाळा-चौकटीतली ऊर्जा मिळते, म्हणून वेगवेगळ्या भारस्थितींची तुलना थेट व्होल्टमध्ये करायची नाही. इथे दोन्ही रूपांचा भार सारखा आणि वस्तुमान जवळजवळ सारखे, त्यामुळे तुलना सरळ होती. बदललेले रूप मूळ रूपापेक्षा सुमारे ४ व्होल्ट आधी उलगडले, म्हणजे २८ इलेक्ट्रॉन-व्होल्टने कमी ऊर्जेला. तीन वेळा केलेल्या मापनांत हा फरक टिकला. +६ मध्येही फरक होता, पण कमी आणि बऱ्याच वरच्या ऊर्जेला.

आकड्यांची दुसरी फेरी

ट्रॅव्हलिंग वेव्हमध्ये प्रवासवेळ मिळतो, सीसीएस थेट मिळत नाही. ज्ञात प्रथिनांवरून कॅलिब्रेशन करावे लागते. आधी गटाने उलगडलेल्या सायटोक्रोम-सीचे उच्च भारांचे आयन वापरले होते, आणि तेही वेगळ्या वायूप्रवाहाच्या दिवशीचे. घडीदार +७ चे सीसीएस त्यातून सहा टक्के फुगून आले होते. लहर-उंची, लहर-वेग किंवा वायूचा दाब बदलला की जुने कॅलिब्रेशन संपते, आणि घडीदार आयनांसाठी घडीदार मानकेच घ्यावी लागतात. मानकही गरम यंत्रात उलगडते, हे सहज विसरले जाते. आर-वर्ग (बिंदू रेषेशी किती जुळतात त्याचा आकडा) ०.९९ च्या वर आला म्हणजे कॅलिब्रेशन बरोबर, असे समजू नये. सगळेच बिंदू एकाच बाजूला सरकले तरी रेषा सरळच दिसते.

निरपेक्ष मूल्यासाठी हेलियमच्या ड्रिफ्ट ट्यूबवर मोजणी करून घेतली. सहा वेगवेगळ्या व्होल्टेजना आगमनवेळ मोजून ती व्होल्टेजच्या व्यस्ताविरुद्ध मांडली. उतारावरून मोबिलिटी, मोबिलिटी आणि सीसीएस जोडणाऱ्या मेसन-शॅम्प समीकरणावरून सीसीएस. दोन्ही रूपांचा घडीदार +७ सुमारे १,०५० चौरस अँगस्ट्रॉमवर, एका टक्क्याच्या आत सारखा. उशिराचे शिखर तिथे फक्त आत सोडण्याची ऊर्जा वाढवल्यावर आले, आणि बदललेल्या रूपात आधी आले.

स्फटिक-रचनेवरून काढलेले सीसीएस याच्याशी जुळते का हेही पाहिले. रचनेची सावली मोजणारी प्रोजेक्शन पद्धत जलद, पण ती मूल्य कमी दाखवते, म्हणून तिला अनुभवाने मिळालेला १.१४ चा गुणक लावतात. वायूच्या रेणूंचे मार्ग गणणारी ट्रॅजेक्टरी पद्धत वेळखाऊ, हेलियमसाठी जास्त विश्वासार्ह. दोन्ही उत्तरे मोजणीच्या काही टक्क्यांत आली. एवढ्यावरून "वायूतला आयन स्फटिकासारखाच आहे" असे म्हणता येत नाही. बाजूच्या साखळ्या पृष्ठभागावर कोसळून आयन आकसतो आणि कुठे थोडा फुगतो, बेरीज तीच राहू शकते. सीसीएस हा एकच आकडा आहे. चुकीची रचना तो खोडू शकतो, बरोबर रचना सिद्ध करू शकत नाही.

निष्पत्ती

मग मीठसेतूचे काय? पाण्याचा पराविद्युत स्थिरांक (माध्यम भारांमधली ओढ किती पट कमी करते तो आकडा) सुमारे ७८, निर्वाताचा १. पाण्यात पृष्ठभागाजवळचा मीठसेतू झाकोळलेला असतो, घडीच्या स्थैर्यात त्याचा वाटा थोडा. पाणी गेले की तेच दोन भार एकमेकांना पूर्ण ताकदीने ओढतात. +७ आयन म्हणजे सात धन भार आणि बाकी सगळे उदासीन, असे चित्र चुकीचे आहे. नऊ धन आणि दोन ऋण मिळूनही निव्वळ भार सातच होतो, आणि असे सेतू वायूत घडीला खिळ्यासारखे धरून ठेवतात. लायसिन काढल्याने वायूतला एक भक्कम खिळा गेला असावा, म्हणून उलगडण्याचा अडसर खाली आला. हे स्पष्टीकरण सर्व मापनांशी जुळते. लायसिनसोबत एक भारस्थान गेले आणि उरलेले प्रोटॉन वेगळ्या जागी बसले, हे दुसरे स्पष्टीकरण त्याने बाद होत नाही. लेखात दोन्ही लिहिली गेली.

दावा बदलला. द्रावणात अर्धे रेणू उलगडतात हे विधान काढले. नवे विधान असे: दोन्ही रूपे द्रावणात आणि सौम्यपणे तयार केलेल्या आयनांत घडीदार आहेत, गॅस-अवस्थेत बदललेल्या रूपाचा उलगडण्याचा अडसर कमी आहे, हा फरक द्रावणातल्या स्थैर्यफरकाच्या दिशेचा आहे, पण त्याचे मोजमाप नव्हे. मुख्य आकृतीत दोन शिखरांच्या जागी ऊर्जेचा नकाशा आला. त्याखाली कोन, बायस, वायूप्रवाह, लहरीची मूल्ये आणि त्याच जुळणीतले युबिक्विटिनचे आलेखन दिले गेले.

वेगळे काय करता आले असते

सर्वात मोठा निर्णय कोन ६० करण्याचा होता, आणि तो निर्णय म्हणून घेतलाच गेला नव्हता. मीठ दिसले, व्होल्टेज वाढवले, नोंद झाली, पुढे गेले. मोबिलिटीच्या कामात सोर्सपासून कोठडीपर्यंतचे प्रत्येक व्होल्टेज हा प्रयोगाचाच भाग असतो. दोन नमुने वेगळ्या व्होल्टेजला मोजले तर ती तुलना रचनांची राहत नाही.

भारस्थितीची निवड मापनाआधी व्हायला हवी होती. रेलीच्या मर्यादेचा हिशेब एका ओळीचा आहे. तो आधी केला असता तर +६ मुख्य आणि +७ "ताणाची चाचणी" अशी विभागणी सुरुवातीलाच झाली असती, आणि "+६ मध्ये फरक का नाही?" हा प्रश्न पहिल्या दिवशीच विचारला गेला असता.

युबिक्विटिनचे मापन दररोज, कामाच्या आधी, दहा मिनिटांचे. गटाने आता तसे सुरू केले आहे: +७ मध्ये उशिराच्या शिखराचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेच्या वर गेले तर त्या दिवशी रचनेवरचे निष्कर्ष काढायचे नाहीत.

वेळेची बाजू कमी तपासली गेली. ट्रॅपमध्ये आयन १० ते २० मिलिसेकंद साठतो. ब्रॉयकर आणि मॅक्लॅफर्टी यांनी २००८ मध्ये दाखवलेला क्रम पाहिला, तर पाणी गेल्यावर बाजूच्या साखळ्या पिकोसेकंदांत कोसळतात, तर मूळ घडी सुटण्याची आणि नवी वायूतली रचना घडण्याची प्रक्रिया मिलिसेकंदांपासून पुढे चालते. म्हणजे ट्रॅपमधला वेळ नेमका धोक्याच्या पट्ट्यात येतो. साठवणुकीचा वेळ बदलून खांद्याचे प्रमाण मोजले असते तर ३५ व्होल्टला उरलेला खांदा धक्क्याने येतो की थांबण्याने, हे वेगळे करता आले असते. ते राहिले.

आणि उलगडलेला भाग साखळीत कुठला, हे अजून माहीत नाही. इलेक्ट्रॉन देऊन कणा तोडण्याची पद्धत इथे उपयोगी पडेल. घडीत धरलेल्या भागात कणा तुटला तरी तुकडे एकमेकांना चिकटून राहतात, मोकळ्या भागातलेच सी आणि झेड नावाचे तुकडे सुटून दिसतात. मोबिलिटीने वेगळे केलेल्या उशिराच्या शिखरावर हे केले आणि सुटणारे तुकडे त्या हेलिक्सच्या बाजूचे निघाले, तर मीठसेतूचे स्पष्टीकरण भक्कम होईल. दुसऱ्या टोकाचे निघाले, तर प्रोटॉनच्या जागांकडे परत जावे लागेल.